सत्तेचाळीस नंबरचा फोन

मंडळी, साहेबांच्या मागोमाग बोलायला उभं राहणं अवघड आहे. माझं नाव यादीतही नव्हतं. पण साहेब आत्ता म्हणाले, एक चूक सोडली तर अण्णांची नोकरी निष्कलंक होती. त्या एका चुकीबद्दल बोलतो आणि बसतो.

अण्णा आपल्या कंपनीचं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळायचे. मी सेकंड इयरला प्रोफेसरांशी भांडून कॉलेज सोडलं आणि त्यांच्या हाताखाली लागलो. पहिल्याच दिवशी म्हणाले, "फोनला सोताचा नंबर ठावा नसतो. आपुन जिथं तार जोडू, त्यो त्याचा नंबर." म्हणून आधी नंबरांची वही बघायची, मग तार जोडायची. एका नंबरवर दोन फोन बसले, की दोन्ही वाजणार.

हे मला समजत होतं. पण मी प्रेमात होतो. ड्रॉइंग ऑफिसात एक मुलगी होती. नाव घेत नाही, तिचा काही दोष नाही. तिनं मला फोन करावा म्हणून बॅटरी रूममधल्या जुन्या फोनला मी गुपचूप सत्तेचाळीस नंबर दिला आणि चिठ्ठीतून तिला कळवला. बोर्डावर तो मोकळा दिसला. वही बघितली नाही. वहीत अण्णांनी तो नव्या शेडमधल्या दवाखान्यासाठी राखून ठेवला होता. दोन दिवसांनी त्यांनी दवाखाना जोडला. माझी तार मी मागून लपवून नेलेली. ती त्यांना दिसली नाही.

त्याच आठवड्यात प्रेस शॉपमध्ये पवारभाऊंचा हात मशीनमध्ये सापडला. फोरमननी सत्तेचाळीस फिरवला. घंटी दोन्हीकडे वाजली. सिस्टरच्या आधी मी उचलला आणि म्हणालो, "बोल ना." फोरमननी शिवी हासडून फोन आपटला. पुन्हा फिरवला. पुन्हा मीच. या वेळी विचारलं, "रागावलीस का?" शेवटी त्यांनी दवाखान्याकडे माणूस पळवला. तेवढा वेळ पवारभाऊ तिथे जखम दाबून बसले होते.

चौकशी बसली. चूक माझी म्हणून सांगायला मी तावातावानं साहेबांच्या केबिनकडे निघालो होतो. अण्णांनी मला स्टुलावर बसवलं, स्वतः आत गेले, आणि "जोडणी मीच केली" असं सांगून आले. मी त्यांच्याशीच भांडलो. तुम्हाला कुणी सांगितलं होतं? ते म्हणाले, "तू अजून कच्चा हायस, तुला काढत्याल. मला नुसता मेमो देत्याल. आन् बोर्ड माझं हाय, तर त्यावरली तारबी माझीच."

मी गप्प बसलो. मला ते सोयीचं वाटलं. दुसरं कारण नाही.

पवारभाऊ, त्यानंतर तुम्ही अण्णांशी बोलला नाहीत. गेटवर ते रोज नमस्कार करायचे, तुम्ही मान फिरवायचात. मी शेजारी सायकल धरून उभा असायचो. रोज. किती वेळा सांगता आलं असतं? आणि त्या मुलीचा फोन तर एकदाही आला नाही.

साहेब, मी लेखी आणलंय. मेमोवर माझं नाव घाला, मग काय करायचं ते करा.

पवारभाऊ, तुम्ही शेवटच्या रांगेत उभे आहात. फूल अजून तुमच्या हातातच आहे. पुढे या. अण्णांच्या फोटोला तुमचं फूल वाहून झालं, की आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. तोवर आम्ही थांबतो.