माह्या हातची तार

नाही जी भाऊ, कोणी नाही वाचत — काढा थो हात तारेच्या फॉर्मवरून. पोरीची सोयरीक मोडली, तं मोडली. गोंदियाले चार शब्द जातील, न आत मशीनवर जो बसला आहे त्याले संध्याकाळी विचारा का काय पाठवलं — नाही सांगता येणार त्याले. खरं सांगून राहिलो. मी सोता अठरा वर्षं आत होतो. आता कान गेला, म्हणून या खिडकीवर बसवलं. तार वाचाची नसते, आयकाची असते. कट्ट-कड-कट्ट — अक्षर कानातून येते न सिद्दं बोटात उतरते, डोक्यात जातच नाही. नवीन माणूस समजून घ्याले जाते न मांगं पडते.

पटत नाही? तं आयका. बाहत्तर सालचा मे महिना, भर दुपार. भिवापूरची लाइन बोलाले लागली. बाजूले आमचा कृष्णकांत, त्याच्या साळ्याच्या लग्नातली फजिती सांगून राहिला होता, न मी खदखदून हासून राहिलो होतो. हासता हासता तार घेतली, सही ठोकली, वाटपाच्या ट्रेमंधी टाकली. विश्वनाथ मेश्राम, इमामवाडा — बाप वारला, लवकर ये. हाव भाऊ, विश्वनाथ मेश्राम म्हणजे मीच. दुसरा कोण?

तार घरी गेली. घरवालीनं माह्यं अक्षर वळखलं — तिले वाटलं, यांच्याच हातानं लिहिली, म्हणजे हे कवाचे निघाले असतील. पोरं घेतले न गावाची, भिवापूरची बस पकडली. मी ड्यूटी संपवून, चहा घेऊन, आरामात घरी, तं दाराले कुलूप. माह्याजवळची चाबी लावली — आत खाटेवर थोच तारेचा कागद. शेवटची बस गेली होती. तिकडं दिवस बुडेपर्यंत थांबले माह्यासाठी, मंग माती देल्ली.

ऑफिसात सगळ्यायले वाटलं, बापाची तार सोता घेतली तरी हा गडी खुर्चीवरून उठला नाही! शाल देल्ली, नारळ देल्ला. मी घेतला. आईनं विचारलं, "तार तुह्याच हातात आली होती ना रे?" म्हटलं, हाव. "मंग काहून नाही आला?" म्हटलं, ड्यूटी होती. तं काय सांगाचं होतं — का बाबांचं मरण माह्या बोटातून गेलं न मी हासून राहिलो होतो? त्यापरीस ड्यूटी बरी. मंग आई इकडं माह्याकडंच राहाले आली, पण नऊ वर्षं एका घरात राहून बोलली नाही माह्याशी. जातानी पाणीसुद्धा सुनेच्या हातचं घेतलं, माहा हात बाजूले सारला. सांगतो सांगतो म्हणून राहूनच गेलं. घरवालीलेही नाही ठाऊक हे, तुम्हाले काहून सांगून बसलो —

काय पाहून राहिले? आणा थो फॉर्म. पत्ता साफ लिहा. चला, मांगं कोण आहे, पुढं या.