कागदावरची मोकळी जागा

माझ्या मायबहिणींनो, संघटनेच्या मंडळींनो, अक्कांची लेक संगीता, जावईबापू, आणि पुढच्या खुर्च्यांवर बसलेले मिलचे साहेब लोक, सगळ्यांना नमस्कार.

मला भाषण येत नाही. मी महानंदा. इथल्या मुरुम गावच्या डाळ मिलमध्ये, निवडीच्या खात्यात, इंदूअक्कांच्या शेजारी बारा वर्षं बसले. परवा त्यांचा तेरावा झाला. आज त्यांच्याबद्दल बोलायचं म्हणून उभी राहिलेय. पण डोकं दुसरीकडंच आहे.

खरं सांगू? मी आल्यापासून नुसती बघतेय. मंडप कुणी घातला? मिलनं. माईक कुणी आणला? मिलनं. एवढा मोठा हार कुणाचा? मिलचा. अक्कांनी पाठ टेकायला एक खुर्ची मागितली होती, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. आता त्यांच्या फोटोला मखमलीची खुर्ची मिळालीय. साहेब, राग मानू नका. मानला तरी चालेल.

हा फोटोच बघा. अक्का हसतायत. आपल्यापैकी कुणी अक्कांना असं दात दाखवून हसताना बघितलंय? हा फोटो परदेशात जाणाऱ्या डाळीच्या पुडीवरचा आहे. त्या पुडीवर एक छाप असतो. ही डाळ न्यायानं पिकवली, कामगारांना माणसासारखं वागवून निवडली, असा त्याचा अर्थ. तिकडची एखादी बाई चार दुकानं टाकून हीच पुडी घेते, कारण तिला वाटतं की डाळ निवडणारी सुखात आहे. तो छाप द्यायच्या आधी तपासायला पाहुणे येतात. पाहुणे आले की आपल्या खात्यातला धूळ ओढणारा पंखा चालू होतो. गाडी फाटकाबाहेर गेली की बंद. त्याची किल्ली साहेबांच्या केबिनमध्ये असते.

तो पंखा रोज चालवा. संघटनेची मागणी एवढीच होती. अजूनही एवढीच आहे.

अक्का कशानं गेल्या? डॉक्टर म्हणाले, छाती. मी काही डॉक्टर नाही. पण बारा वर्षं तो खोकला माझ्या उजव्या कानाला ऐकू यायचा. आधी थंडीत यायचा. मग बाराही महिने.

आता मी जे सांगणार आहे ते अक्कांच्या विरोधात जातं असं काहींना वाटेल. वाटू द्या. संगीता, तू पण ऐक.

मागच्या संक्रांतीला मिलनं हळदीकुंकू ठेवलं होतं, आठवतंय? साहेबांच्या बाईसाहेब स्वतः आल्या होत्या. सगळ्या बायकांना बोलावलं. सगळ्या म्हणजे सगळ्या. आपल्या खात्यातल्या विधवा बाया नेहमीप्रमाणं मागं पोत्यांजवळ उभ्या राहिल्या. अक्का पण. बाईसाहेब चालत तिथं गेल्या, अक्कांचा हात धरून त्यांना पुढं आणलं आणि कपाळाला कुंकू लावलं. अक्कांचे मालक गेल्यापासून त्या कपाळाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. अक्का लहान लेकरासारख्या रडल्या. मी पण रडले. मग हातात वाण आलं, स्टीलचा डबा. आणि डब्याबरोबर एक कागद आला. वाण मिळाल्याची सही करा म्हणाले. पहिली सही अक्कांनी केली. आम्ही मागं सरलो तर म्हणाल्या, "करा की गं! येवढा मान दिलाय बाईनं, सहीला कशाला मागं सरता?"

केल्या आम्ही सह्या. कपाळाला कुंकू, हातात वाण, आणि समोर सवाशीण उभी. अशा वेळी कागद उलटून कोण बघतं? आणि उलटून बघण्यासारखं काही नव्हतंच. वरचा अर्धा कागद मोकळा होता.

पुढं संघटनेनं पंख्याची तक्रार पाठवली, पार डाळ जाते त्या परदेशातल्या कामगार संघटनेपर्यंत. तिकडून पत्र आलं. तुमच्याच बायकांनी लिहून दिलंय की धुळीचा काही त्रास नाही, मग तक्रार कसली? सोबत त्या कागदाची नक्कल होती. खाली आमच्या सह्या. वर छापलेल्या चार ओळी.

कुणी छापल्या ते मला माहीत नाही. मी कुणाचं नाव घेत नाही. पण मी अक्कांचं नाव घेतलं होतं. सगळ्यांच्या देखत, खात्यात, त्यांच्या तोंडावर. म्हटलं, "अक्का, तुम्ही विकल्या गेलात. कितीला गेलात?"

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आल्या. मला वाटलं, बरोबर बोलले. चोर असेल तो तोंड लपवणारच. शेजारी बसायचे, पण त्या दिवसापासून बोलायचं सोडलं.

त्यानंतर अक्का घरोघरी फिरायला लागल्या. एक कागद घेऊन. "आमच्या सह्या मोकळ्या कागदावर घेतल्या. धुळीचा त्रास आहे. पंखा रोज चालू पाहिजे." अक्कांना जेमतेम सही येत होती. हे सगळं त्यांनी आपल्या खात्यातल्या सुरेखाकडून पाटीवर लिहून घेतलं, गिरवलं आणि मग स्वतःच्या हातानं कागदावर लिहिलं. दुसऱ्याच्या हातचा कागद आता नको म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी एकेकीच्या दारात जाऊन बसायच्या. आधी मोठ्यानं वाचून दाखवायच्या. मग सही घ्यायच्या.

माझ्या दारात तीनदा आल्या. पहिल्यांदा मी म्हटलं, आता हा कुणाचा कागद? दुसऱ्यांदा आतूनच सांगितलं, घरी नाही म्हणा. तिसऱ्यांदा त्या उंबऱ्यावर बसल्या. खोकत होत्या. पाणी पण मागितलं नाही. म्हणाल्या, "महानंदे, तुजा संशय बराबर हाय. म्या बी आता समद्यावर संशय घेते. पर माज्यावर घिऊन थांबू नगं गं, फुडं जा. तिकडं बी आपल्यासारक्याच बाया हायत, त्यास्नी खोटं खाऊ घालायचं न्हाय." उठता उठता म्हणाल्या, "येक इचारू? ते कुंकू तरी खरं आसंल का?"

आज बाईसाहेब पण इथं आल्यात. त्यांनाच विचारते. बाईसाहेब, ते कुंकू खरं होतं का? तुम्हाला त्या कागदाचं माहीत होतं का? लगेच सांगू नका. मला पटेलसं वाटत नाही. पण खरं असेल तर कधीतरी येऊन संगीताला सांगा. अक्कांना ते खरं असावंसं लई वाटत होतं.

काल संगीतानं मला घरी बोलावलं. संक्रांतीचा तो डबा तिनं माझ्यापुढं ठेवला. अक्कांनी त्यात कधी पीठ भरलं नाही, मीठ भरलं नाही. त्यात हा कागद होता. हा बघा. सगळ्यांच्या सह्या आहेत. खालची एक जागा रिकामी, आणि तिच्यापुढं अक्कांच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय, महानंदा. माझ्यासाठी अडून राहिला हा कागद. संगीता म्हणाली, अक्का म्हणायच्या, खात्यातली एक जरी सुटली तरी साहेब म्हणतील, बघा, सगळ्यांचं म्हणणं नाही. त्यामुळं त्यांनी तो पाठवलाच नाही. मी एका माणसावर संशय घेतला, आणि नेमकी त्याच माणसाच्या बाबतीत चुकले. अक्का, चुकले हो मी. तुमच्या जिवात जीव होता तेव्हा सांगायला पाहिजे होतं.

आता एक मिनिट थांबा. मी बोलतेय तोवर तुमच्यातून एक कागद फिरतोय. मगापासून बघतेय मी. तिसऱ्या रांगेत आहे आता. साहेबांचा माणूस म्हणाला, शोकसभेची हजेरी आहे फक्त. असेल. सुरेखा, तो कागद हातात घे. उभी राहा. वर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच.

काय म्हणतेस? काही नाही?

ऐकलं सगळ्यांनी? खाली आपली नावं. वर चार बोटं मोकळी जागा.

साहेब, हजेरीच असेल ना? मग आमची काही हरकत नाही. सुरेखा, वर लिही, "इंदूअक्कांच्या शोकसभेची हजेरी." ठळक लिही. आणि उरलेल्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मार. आता फिरव.

आणि हा अक्कांचा कागद. मी आधी मोठ्यानं वाचते, त्या वाचायच्या तसा. "आमच्या सह्या मोकळ्या कागदावर घेतल्या. धुळीचा त्रास आहे. पंखा रोज चालू पाहिजे." ही माझी सही. सगळ्यांनी बघितली ना? उद्या हा तिकडं जाईल, त्याची एक प्रत साहेबांच्या केबिनमध्ये, आणि एक त्या डब्यात.

अक्का, भरला बघा तुमचा कागद.

आता सगळ्यांनी उभं राहायचं. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, खोकला आला तर खुशाल खोका, अक्कांना तो ओळखीचा आहे. बाकीच्यांनी डोळे मिटून घ्या. मी मिटणार नाही. कागद माझ्या हातात आहे.