काचेवरची फुली

मंडळी, एक विचारतो. देव भेटलाच नाही, याचं दुःख मोठं? की देव दारात येऊन उभा राहिला आणि आपणच त्याला 'पुढच्या घरी जा' म्हटलं, याचं?

दुसरं? मावशी, तुम्ही म्हणालात? बरं! मग आता हे सांगा — एका म्हाताऱ्याच्या हातून हे दुसरं घडलंय, त्याला पत्ता नाही, आणि तुम्हाला ठाऊक आहे. सांगाल त्याला? पेटीवाले, थांबा जरा. ऐका.

वैजयंती केळुसकर नावाची एक बाई. ग्रह बघायची — पत्रिकेतले नव्हे हो, दुर्बिणीतले! तिला सापडला एक बटुग्रह. नेपच्यूनच्याही पलीकडे! तिथून आपला सूर्य म्हणजे लांबच्या वाडीतला दिवा. एका प्रदक्षिणेला तीनशे वर्षं! आपण देवळात पाच घालतो आणि गुडघे धरून बसतो! आणि बटू म्हणून हसू नका. बटूनं पाऊल उचललं की काय होतं, ते कीर्तनाला येणाऱ्यांना मी काय सांगू?

पण सापडला म्हणजे हाती आला असं नाही. थोड्या रात्री दिसला, आणि निघाला सूर्याच्या उजेडाआड. काही महिने दर्शन बंद! परत बाहेर आल्यावर शोधायचा कुठे? त्याची वाट पक्की कळायला जुनी खूण हवी. पूर्वी कुणी त्या भागाचा फोटो काढला असेल तर ठीक, नाहीतर गेला — जत्रेत पोर हरवावं तसा!

आणि फोटो होता! कुणी काढलेला? तिच्याच गुरूंनी, त्र्यंबकराव शेवड्यांनी. उभं तारुण्य त्यांनी याच शोधात घातलं होतं. तेव्हा फोटो काचेवर निघायचा. एकाच आकाशाच्या दोन काचा, मध्ये काही दिवस सोडून. शेजारी ठेवून बघायचं. तारे जागच्या जागी राहतात; जो ठिपका हलला, तो ग्रह! शेवड्यांना काय सापडलं? काही नाही. लोक हसले. पुढे वेधशाळेनं त्या काचा भंगारात काढल्या, तर यांनी टेम्पो करून घरी आणल्या. पलंगाखाली पेट्याच पेट्या!

वैजयंती निघाली सरांच्या घरी. काचेवर ग्रह निघाला, तर तो सरांच्या हातात येऊन सुटला होता! हे त्या जिवाला सांगायचं कसं?

दार काकूंनी उघडलं, सरांच्या पत्नीनं. हळूच म्हणाल्या, "आकाशाचं काही काढू नकोस हं. मागे कुणी विषय काढला, तर दोन दिवस जेवले नाहीत."

ती आत गेली, आणि तोंडातून निघालं काय? खोटं! "सर, प्रदर्शनात मांडायला तुमच्या काचा हव्या होत्या."

म्हातारा असा खुलला! "ऐकलंस का गं? माझ्या काचा मागतायत! कुठल्या भागाच्या हव्यात, वैजू?"

आता? भाग तर सांगायलाच हवा! "चित्रा नक्षत्राच्या जवळच्या, सर."

पेटीवरचा हात थांबला. "प्रदर्शनाला नेमका तेवढाच तुकडा? खोटं बोलतेस. काय सापडलंय?"

"बटुग्रह." ती म्हणाली. "आणि सर... मागचा हिशेब केला, तर तेव्हा तो तुमच्या काचेवर असणार."

काकूंनी पदर तोंडाला लावला. सरांनी पेटी उघडली. दोन काचा काढल्या, खिडकीशी गेले. हात म्हातारा — आणि अशी काच जगात एकच! निसटली की ग्रह गेला! वैजयंती धरायला धावली.

"लांब!" सर कडाडले.

भिंग लावलं. ही काच. ती काच. परत ही. एका ठिपक्यावर शाईची फुली होती. त्यांच्याच हातची.

"हललाय," सर म्हणाले. "केसभर. मी म्हटलं, इतकं हळू कुणी चालत नाही. काचेचा डाग असेल. आणि फुली मारली."

स्वतःच्या हातानं 'पुढच्या घरी जा' म्हटलं, मंडळी!

म्हाताऱ्याचे डोळे भरले — आणि तो हसला हो! "अगं," बायकोला म्हणाला, "आला होता! मला वाटायचं, रिकाम्या आकाशापायी जन्म घालवला. रिकामं नव्हतं गं! आला होता!"

आणि उपरण्याचं टोक ओलं करून फुली पुसायलाच लागला!

वैजयंती किंचाळली, "सर! ठिपका जाईल!"

"ठिपका पुढच्या बाजूला असतो, शाई मागच्या. चुकलो असेन वैजू, पण निष्काळजी नव्हतो."

फुली गेली, ठिपका राहिला! वाट पक्की झाली, आणि पुढे सूर्याआडून बाहेर आला तो बटू — सांगितल्या जागी हजर!

आता तुमच्याकडे येतो. सुटका नाही! घरात कुणीतरी आहे ना, केसभर केसभर चालणारं? चार वर्षांचं झालं तरी नीट न बोलणारं पोर असेल. आजारातून उठलेली सून असेल, पहिल्यासारखं काम न उरकणारी. आपण घाईत, आपण म्हटलं — हिच्याच्यानं काही होणार नाही! मारली फुली! अहो, देवाची खोडच आहे ती. तो सावकाश येतो, आणि आपल्याला डाग वाटतो.

म्हणून म्हणतो, आरती होईल, प्रसाद मिळेल, पण आज घरी गेल्यावर आधी उपरण्याचं टोक ओलं करा. शाई मागच्याच बाजूला आहे, मायबाप. अजून पुसली जाते.