टेम्पोतला गणपती कुठं जातो?

अगो, आमच्या श्रद्धाने अकरावीला सायन्स घेतलं न् महिन्याभरात रडायलाच लागली. "आजी, मला फिजिक्स जमत नाय. उद्याच कॉलेजात सांगून सायन्स सोडते." जेवली पण नाय. मला काय त्यातलं कळतंय? शेजारची सून वैशाली रोह्याला बीएस्सी झालेली, तिला हाताला धरून घरी आणली.

वैशालीने गृहपाठातला पहिला प्रश्न सोपा करून विचारला, "टेम्पोत गणपतीची मूर्ती ठेवलीय. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. मूर्ती कुठं जाईल?"

"कुठंच नाय."

"अगो, नीट विचार कर."

"केला, वहिनी. मूर्ती हलली तर बाबा ड्रायव्हरला सोडतील व्हय?"

आता काय बोलायचं! हमरापूरची पोर, घरातच गणपतींचा कारखाना. वैशालीने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "बरं, का हलत नाय?"

"आम्ही भोवती पेंढा कोंबतो ना. पुढच्या बाजूला जास्त."

"पुढंच जास्त का?"

"ब्रेक मारला की मूर्ती पुढं जाते म्हणून!" बोलली न् स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"मग तेच लिही, बाय माझी! त्यालाच जडत्व म्हणतात."

पोरगी हसली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. पुढचा प्रश्न तिने एकटीने सोडवला. थांबलेली बस अचानक सुटली तर उभा माणूस कुठं पडेल? तिने लिहिलं, "बसमध्ये पेंढा नसतो, म्हणून माणूस मागे पडेल."

वैशालीने वाचलं न् म्हणाली, "पेंढा तेवढा खोड गो. बाकी बरोबर हाय."