म्हाताऱ्या देवाचा मुखवटा

देवळातला खेळ संपला आणि लोक उजी नदीच्या काठी नावेसाठी रांगेत उभे राहिले. यागोरो मात्र सकाळपासूनच तिथं बसून होता. म्हाताऱ्या देवाचा मुखवटा मंडळीतल्या सर्वांत वयस्क नटानं चढवायचा, असा रिवाज होता. यंदा तो मोडून मुखवटा यागोरोऐवजी त्याच्या तरुण शिष्याला, तोवाकाला दिला होता. यागोरो खेळाला थांबलाच नव्हता.

त्याच्या पुढे दोघी नणंदा-भावजया बोलत होत्या.

"वहिनी, देव झालेला तो नट तरुण आहे म्हणे."

"काहीतरीच तुझं. ऐंशीचा तरी असेल. गुडघा कसा टेकला, बघितलंस ना?"

"मुखवटा उतरवला तेव्हा मी अगदी पुढे होते. दाढीसुद्धा धड फुटलेली नाही त्याला."

"मग मी हात जोडले ते कुणाला गं?"

"देवालाच की. मला तर तो मुखवटा हसल्यासारखा वाटला."

"लाकूड कुठं हसतं?"

"त्यानं मान जराशी वर केली, तेव्हा हसलं."

"कुणी शिकवलं असेल एवढं?"

"लोकांनी विचारलं ना त्याला. म्हणाला, चाल सगळी गुरूंची होती, मी नुसता आत होतो."

यागोरोनं घसा खाकरला. तेवढ्यात नाव काठाला लागली.

"आजोबा, तुम्ही चढा आधी," वहिनी मागे वळून म्हणाली.

"तुम्ही जा. मला देवळात जायचंय."

"अहो, खेळ संपला."

"माहीत आहे," यागोरो काठी टेकत उठला. "गुडघा टेकताना तोवाका श्वास रोखून धरतो. तेवढं एक त्याला शिकवायचं राहिलंय."