घ्यायला कोण येणार?

सन्माननीय अध्यक्ष सरदार अजाइब सिंगजी, सिव्हिल हॉस्पिटलचे डॉक्टर भल्लासाहेब, मंचावरील मान्यवर आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या भावाबहिणींनो, सर्वांना सत श्री अकाल.

डॉक्टरसाहेबांनी आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बीबीजींची, सतविंदर कौरजींची, कारकीर्द फार सुरेख मांडली. आधी सरकारी दवाखान्यात नर्स, मग चंदीगडला समुपदेशनाचं शिक्षण, मग आपल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या उपचारप्रमुख. सगळं खरं. पण मी नछत्तर सिंग पडलो ट्रक ड्रायव्हर, नंतर इथलाच पेशंट, आता इथलाच समुपदेशक. मला कारकीर्द काय सांगता येणार? मी आपला एक नियम सांगतो.

इथून बरा झालेला माणूस एकटा घरी जात नाही. घरचं कुणी घ्यायला येतं, त्याच्या मांडीला मांडी लावून लंगरात जेवतं, मगच फाटक उघडतं. एकट्या माणसाला पुन्हा चिट्ट्याची, त्या हेरॉइनची, पुडी गाठायला कितीसा वेळ लागतो हो? हा नियम बीबीजींचा.

माझ्या वेळी कुणीच आलं नाही. शेवटी बीबीजी बसनं आमच्या गावी गेल्या. माझा थोरला भाऊ जगरूप दारातच म्हणाला, "आमच्यापुरता तो मेला. चहा घ्या आणि निघा."

"चहा घेते. निघायचं कधी ते मी बघीन," बीबीजी म्हणाल्या आणि अंगणातल्या बाजेवर बसल्या. म्हशींच्या धारा काढून झाल्या तरी उठेनात. तेव्हा आमची भाभी नवऱ्यावर खेकसली, "ही बाई आता इथंच म्हातारी होणार! जा, घेऊन या त्या मेलेल्याला!" हसू नका, जगरूप मागं खांबाशी बसलाय, लाजतोय बिचारा.

अशी किती घरं जोडली त्यांनी! आणि स्वतःचं? त्यांचे यजमान वारले, मुलगी कॅनडात. दिवाळी असो, लोहडी असो, बीबीजी ड्युटीवर. आम्ही म्हणायचो, वा, काय सेवा! कसली सेवा, घरी जाववत नव्हतं त्यांना. एकदा त्यांना घरी, त्यांच्या कोठीवर, सोडायला गेलो. चपला काढायच्या आधी त्यांनी टीव्ही लावला. म्हणाल्या, "बघत नाही रे मी. कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं." मी पाणी प्यायलो आणि निघालो. रस्ताभर जीव तुटत होता, पण मागं फिरलो नाही.

आज सकाळी विचारलं, "बीबीजी, घ्यायला कोण येणार?" म्हणाल्या, "मला कोण येतंय, वेड्या? रिक्षा सांगितलीय."

अध्यक्षमहाराज, आपण सिरोपा, मानाचं वस्त्र, घालून त्यांचा मान केलात, आपले उपकार. स्वयंपाकघरातल्या बायाबापड्यांचेही आभार. आता लंगर बसेल. बीबीजींच्या एका बाजूला जगरूप बसेल, दुसऱ्या बाजूला भाभी. ते त्यांना घ्यायला आलेत. त्या 'नको' म्हणतील, ठाऊक आहे. मग आम्ही तिघं त्यांच्या अंगणात जाऊन बसू. चहा घेऊ. निघायचं कधी ते आम्ही बघू.

अडाणी माणूस, बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. फक्त रिक्षावाल्याला मी परस्पर परत पाठवलंय, त्याची माफी मागत नाही.