जोडायचं तेवढं राहिलंय

...आणि वर पुन्हा म्हणणार काय, तर "जोडायचं तेवढं राहिलंय, बाकी सगळं झालंय." अहो, सगळं झालंय तर माझ्याकडे कशाला आणता? तुम्हाला सांगतो, या वाक्याइतकं खोटं वाक्य अख्ख्या नाशिक जिल्ह्यात बोललं जात नसेल. पिशवी उघडावी तर आत स्वेटरची पाठ आहे, पुढचा भाग आहे, एक बाही आहे, आणि दुसरी बाही? ती अजून लोकरीच्या गुंड्यातच आहे, जन्माला यायचीय, आणि गळ्याच्या जागी चार टाके सेफ्टीपिनेला लटकतायत... आणि हे म्हणे जोडायचं तेवढं राहिलंय.

तुम्ही म्हणाल, भिकनराव, तुम्ही सातपूरला कारखान्यात फिटर, तुमचा नि बाहीचा संबंध काय? तेच सांगतोय. पण इथलं इथेच ठेवा हं, शिफ्टच्या बसमध्ये कुणी एक अक्षर बोललं तर मला नोकरी सोडून परागंदा व्हावं लागेल.

झालं असं, की मी मोटारसायकलवरून पडलो. सातपूरच्या वळणावर कुणीतरी खडी सांडून ठेवलेली, गाडी एकीकडे, मी एकीकडे, पाय मोडला, प्लास्टर घातलं, आणि आई म्हणाली, तुला उचलायची ताकद माझ्यात नाय, जा अक्काकडं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, चांगुणा, मनमाडला असते. दाजी रेल्वेत, सदा ड्यूटीवर. घरात मी, खाट, आणि अक्काचा विणकामाचा डबा. आता आमच्या अक्काचं कसंय, सुरू करण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. थंडी पडली की ही लोकर आणते, थंडी सरते तेव्हा हिच्याकडे एक पाठ तयार असते, की डब्यात. पुढच्या थंडीला नवी लोकर, नवी पाठ. त्या डब्यात नुसत्या पाठी होत्या हो, माणूस एकही नाही.

मी पडल्या पडल्या बघत होतो. माझं पोटापाण्याचं काम काय, तर सुटे भाग जुळवायचे. समोर सुटे भाग पडलेत आणि जोडलेले नाहीत, हे फिटरला बघवत नाही. म्हटलं, "अक्के, दे ती सुई." ती म्हणते, "गप पड, बायकांचं काम हाय ते." पण पडून पडून किती पडणार? शेवटी उलट-सुलट टाके तिनेच शिकवले, आणि प्लास्टर निघेपर्यंत डब्यातल्या झाडून सगळ्या पाठींना मी बाह्या लावल्या, गळे केले, टाके बंद केले. दाजींना स्वेटर झाला, भाच्याला कानटोपी झाली, उरलेल्या लोकरीत ट्रान्झिस्टरला अंगरखा झाला, बटणासकट.

तिथेच थांबायला हवं होतं. पण शेजारीण आली, तिने दाजींचा स्वेटर उचलला आणि पहिली गोष्ट काय केली, तर उलटा केला. बायका कपडा आतून बघतात, बाहेरून तर काय, कुणीही फसवेल. आतून बघितलं आणि म्हणाली, "हे तुझं काम नाय, चांगुणा." आता अक्काने काय करावं? भावाने केलं म्हणावं तर भाऊ बिनलग्नाचा, उद्या पोरगी कोण देईल? म्हणून हिने उभ्या उभ्या एक बाई जन्माला घातली. म्हणे, "निफाडकडं एक बयाबाई म्हणून हायेत. एकट्याच असतात. कुणाला भेटत नायीत. पण हात असा, की काय सांगू." झालं. त्या बयाबाई म्हणजे मी.

आणि मग पिशव्या सुरू. मी नाशिकला परत आलो तर पिशव्या मागोमाग. मोजे आले, मफलर आले, टोपडी आली, आणि लग्नसराई लागली की रुखवत. तुम्हाला ठाऊकच आहे, रुखवतावर सगळं मांडायचं नि वर चिठ्ठी लावायची, 'वधूने स्वहस्ते विणलेले'. वधूने स्वहस्ते काय केलेलं असायचं, तर लोकरीचा रंग निवडलेला असायचा. बाकी स्वहस्त माझा. प्रत्येक पिशवीबरोबर अक्काचा निरोप तोच, "बयाबाईंना म्हणावं, जोडायचं तेवढं राहिलंय." लोक बयाबाईंना बोरं पाठवायचे, कुरडया पाठवायचे. एकीने तर लुगडं पाठवलं. लुगडं अक्का नेसली, मला बोरं. आणि एका बाईने बयाबाईंच्या डोळ्यांना आराम पडावा म्हणून त्र्यंबकेश्वराला अभिषेक केला. माझे डोळे ठणठणीत, माझी मान मोडायला आली होती, पण मानेचं कोण विचारतो?

घरी आईला काय सांगायचं? दाराला आतून कडी, म्हटलं सुपरवायझरच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. आई सगळ्या कॉलनीला सांगत सुटली, "माझा भिकन लय अभ्यास करतो, डोकं वर काढत नाय." डोकं वर काढलं तर टाका सुटतो ना माउली.

आता ऐका. आईने पोरगी काढली, मनमाडचीच, वडील रेल्वेत. आम्ही बघायला गेलो, मी, आई नि अक्का. पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन बसली, यशोधरा नाव, शिक्षिकेचा कोर्स झालेला, उत्तरं बेताची नि नजर सरळ. मला तिथेच आवडली हो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात तिचे वडील म्हणाले, "पाहुणे, आमच्या पोरीचं हातकाम बघा," आणि त्यांनी आईच्या मांडीवर एक हिरवा कार्डिगन ठेवला. मी बघितलं. चार बटणं फुलाफुलांची आणि पाचवं सपक निळं. ते निळं माझ्या कारखान्याच्या डगल्याचं होतं, पिशवीत एक कमी पडलं म्हणून मीच तोडून लावलेलं. मी अक्काकडे बघितलं, तर अक्का छताचे वासे मोजतेय.

आणि आईने काय केलं? उलटा केला. शिवणीवरून बोट फिरवलं, असं, सावकाश, आणि डोळे भरले तिचे. म्हणाली, "जिचं आतून इतकं नेटकं, तिचं घर नेटकं. मला ही पोर पाहिजे." मुलगी खाली बघायला लागली, वडील खूश, पेढे बाहेर आले, आणि मी तिथे माझ्याच शिवणीत शिवला गेलो. बोलावं तर पोरीची भर बैठकीत अब्रू जाते, माझी जाते, अक्काची तर जातेच जाते. न बोलावं तर?

मग कुणीतरी म्हणालं, पोरांना दोन शब्द बोलू द्या. मागच्या दारी गेलो, तिथे रेल्वेच्या इंजिनाचा धूर नि वाळत घातलेले कपडे. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली. "तो कार्डिगन मी केलेला नाही. अर्धी पाठ माझी, तीही वाकडी. निफाडकडच्या बयाबाई आहेत, त्यांच्याकडून करून घेतला, वडलांच्या हौसेपायी. तुम्ही आत जाऊन तुमच्या आईंना सांगा. मोडलं तर मोडू दे, खोट्यावर मला नांदायचं नाही."

मी म्हटलं, "बयाबाई मीच." ती माझ्या मिशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काहीतरीच." मी म्हटलं, "पाठ वाकडी नव्हती नुसती, मध्येच आठ टाके गायब होते, कुठे टाकलेत?" आणि ती जी हसायला लागली, की वाळत घातलेला टॉवेल तोंडावर धरला तिने. मी तिथेच ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच. आम्ही दोघांनी ठरवलं, लग्न होऊ दे, मग आईला शांतपणे सांगून टाकू. एवढंच तर सांगायचं, जोडायचं तेवढं राहिलंय.

आता बघा हं. लग्न झालं, सून घरी आली, आईने हौसेने तपकिरी लोकर आणली. म्हणाली, "मला कर एक, सवडीने." यशोधरा माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. म्हटलं, हा एवढा एक करून देतो, मग सांगू. मी केला. आईने घातला. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या आईने जन्मभर थंडी काढली ती वडलांच्या जुन्या कोटात, तोही कोपरावर फाटलेला. तिच्यासाठी म्हणून, तिच्या मापाने कुणी काही केलंच नव्हतं. तो स्वेटर घालून ती ओट्यावर बसून राहिली, ऊन तापलं तरी काढेना, येणाऱ्या-जाणाऱ्याला बाही दाखवत होती, "माझ्या सुनेनं केलाय." मला भरून आलं हो. आता त्या बाईला जाऊन सांगू, की सुनेनं नाही केला? तुम्ही सांगितलं असतं?

आणि मग आईनेच बायका आणायला सुरुवात केली. विहारात भेटली म्हणून ही, पाण्याच्या टाकीवर भेटली म्हणून ती. "माझी सून करून देईल की, तिला काय अवघड हाय?" पूर्वी पिशव्या मनमाडहून यायच्या, आता दारात येतात. दुपारी यशोधरा आईसमोर सुया घेऊन बसते, चार ओळी विणते, आई कौतुकाने बघते. मग ती मला आत आणून देते, मी आधी तिच्या चार ओळी उसवतो आणि नंतर माझ्या विणतो. पूर्वी निदान पाठ तरी आयती मिळायची हो. आता तर विणायचंही सगळं मलाच नि जोडायचंही मलाच, आणि बाहेर त्या बायका, "वहिनी, घाई नाही, जोडायचं तेवढं राहिलंय."

आणि परवा काय झालं. सेकंड शिफ्ट होती, सकाळी मी घरी, यशोधरा शाळेत गेलेली, आई बाजारात. मी निवांत खाटेवर, मांडीवर गुलाबी लोकर, गळा करतोय, कडी लावायची विसरलो. आणि आई दारात. हातात मेथीची जुडी, आणि माझ्या हातात सुया. मी म्हटलं, सुटलो. खरं सांगतो, असं हलकं वाटलं, की चला, आता आपोआप झालं, आता सांगायचं सुद्धा नाही, दिसतंयच. रडेल, ओरडेल, दोन दिवस बोलणार नाही, पण सुटलो तर खरा.

आई जवळ आली. मेथी खाली ठेवली. माझ्या हातातला गळा घेतला, खिडकीशी नेला, नीट बघितला, आणि मला परत देत म्हणाली, "शिकतोस का तिच्याकडनं? शीक, चांगलंय. पण राहू दे बाबा, तो गळा उसव नि तिच्यासाठी ठेव. तिच्या हाताची सर तुला नाय यायची."

मी उसवला.